दोन रिमांवरचा मॉनिटर

सांगलीच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर एक करसल्लागार कार्यालय आहे. हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी, दोन-चार छोटे कारखाने, काही डॉक्टर, अशांचे हिशेब इथे लिहिले जातात. भिंतीलगत प्लायचं सलग टेबल आहे, त्यावर सनमायका आणि ओळीने सहा कॉम्प्युटर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मापं मात्र तशीच ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण मापांचंच आहे.

मला बोलावलं ते मालकांनी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कामाच्या जागेवर जाऊन माणूस बसतो कसा, हात कुठवर नेतो, बघतो कुठे, हे पाहणं माझ्या कामाचा मोठा भाग आहे. मालक फोनवर म्हणाले, "आमच्या ताईंची मान धरते. सगळं करून झालं. मॉनिटर वर घेतला, पट्टा घातला, गोळ्या झाल्या. त्या नसतील तर आमचं कार्यालय चालत नाही, तेवढं बघा."

ताई म्हणजे इथल्या वरिष्ठ लेखनिक. वय ५२, उंची १५० सेंटिमीटर. वीसहून अधिक वर्षं हिशेबात गेलेली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या माउसला हात लावत नाहीत. एफ-५ दाबून पेमेंट, एफ-८ दाबून विक्री, आकडे उजव्या हाताने नंबर पॅडवर, आणि नजर सतत डावीकडच्या व्हाउचरवरून स्क्रीनवर, स्क्रीनवरून व्हाउचरवर.

तक्रारी दोन होत्या आणि दोन्हींची चाल वेगळी होती. उजवा खांदा जड होणं, मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत ओढ लागणं, हे बरंच जुनं. त्यावर त्या बाम चोळत आणि विसरून जात. दुसरी तक्रार नवी होती. दुपारी चारच्या सुमारास कवटीच्या तळाशी, केस जिथे संपतात तिथे ठणका सुरू होई आणि तो डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत येई. रविवारी काही नाही. सोमवारी दुपारी परत. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या दिवसांत, सर्वांत जास्त.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता. त्यात मानेच्या मणक्यांची झीज दिसली आणि चिठ्ठीवर 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस' आलं. पन्नाशीनंतर ही झीज ज्यांना काहीही दुखत नाही अशांच्याही एक्स-रेमध्ये भरपूर दिसते. त्यामुळे त्या शब्दाने घाबरायचं कारण नव्हतं, आणि त्याने काही उलगडतही नव्हतं. रविवारी मणके पूर्ववत होत नाहीत. बोटांना मुंग्या, हाताची पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, यांतलं काही असतं तर मी टेबलाकडे बघायच्या आधी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं काहीही नव्हतं.

गळ्याचा पट्टा त्यांनी कार्यालयात घालून पाहिला होता. "पट्टा घातला की व्हाउचर दिसत नाही ओ," त्या म्हणाल्या. "मग काय, पट्टा घालून घरी टीव्ही बघते."

हा नवा ठणका कधी सुरू झाला, असं विचारल्यावर उत्तर आलं, "दिवाळीनंतर." दिवाळीनंतर कार्यालयात काय बदललं, हे मी ताईंना न विचारता बाकीच्यांना विचारलं.

बदल एकच होता आणि तो चांगल्या हेतूने झाला होता. शेवटच्या जागेवर आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करणारा एक मुलगा बसतो, उंची १८० सेंटिमीटर. त्याची मान दुखायची. व्हॉट्सअॅपवर एक चित्र आलं, कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेला माणूस आणि खाली ओळ, 'स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत हवी'. त्याने मॉनिटरखाली ए-४ कागदाची दोन रिमं ठेवली. आठवड्याभरात त्याची मान थांबली. ते पाहून मालकांनी सगळ्यांच्याच मॉनिटरखाली दोन-दोन रिमं ठेवायला सांगितली. सहा मॉनिटर, बारा रिमं, एका रांगेत, दिसायलाही छान.

मी टेप काढली.

टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडचं ठरलेलं अडीच फूट. सुतार विचारतही नाही. खालून सलग ड्रॉवर, त्यामुळे कीबोर्डचा सरकता ट्रे बसवायला जागा नाही. खुर्ची चाकांची, वर-खाली होणारी, पण ताईंनी ती ४५ सेंटिमीटरवर ठेवलेली. याहून वर घेतली की पाय लोंबकळतात. ४५ वरही टाचा उचललेल्याच होत्या, कारण चप्पल धरून त्यांची गुडघ्यामागची उंची साडेएकोणचाळीस सेंटिमीटर भरली. म्हणून त्या अधूनमधून खुर्चीवर मांडी घालून बसत आणि मालक दिसले की पाय खाली सोडत.

खुर्चीच्या बैठकीपासून त्यांचं कोपर २१ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे जमिनीपासून ६६. टेबल ७५, त्यावर कीबोर्डची जाडी, आणि कीबोर्डची मागची पायरी उघडलेली. हात कीबोर्डवर नेण्यासाठी कोपर निदान दहा सेंटिमीटर वर उचलायला हवं. ते दोनच प्रकारे उचलता येतं, खांदा कानाकडे नेऊन किंवा कोपर बाजूला फाकवून. ताई दोन्ही करत होत्या. ती उचल एका व्हाउचरपुरती क्षुल्लक आहे. पण खांदा उचलून धरणारा स्नायू सकाळी दहाला आवळला जातो आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत सुटतच नाही. जुन्या तक्रारीचा उगम इथे होता. त्याचा मॉनिटरशी काही संबंध नव्हता.

आता स्क्रीन. साडेएकवीस इंची मॉनिटर, स्क्रीनची उभी उंची सुमारे २७ सेंटिमीटर. कंपनीच्या स्टँडवर ठेवला की वरची कड टेबलापासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे जमिनीपासून ११५. बैठकीपासून ताईंचे डोळे ६७ सेंटिमीटरवर येतात. ४५ च्या खुर्चीत बसल्यावर ११२. रिमं नव्हती तेव्हाही स्क्रीनची वरची कड त्यांच्या डोळ्यांपेक्षा जरा उंचच होती. पाचशे कागदांचं एक रिम साधारण पाच सेंटिमीटर जाड असतं. दोन रिमांनी कड १२५ वर गेली आणि स्क्रीनचा मध्य त्यांच्या डोळ्यांच्या अगदी समोर आला.

चित्रात म्हटलं होतं तसंच झालं की! 'डोळ्यांच्या रेषेत' याचा शब्दशः अर्थ घेतला तर ताईंची मांडणी सहा जागांत सर्वांत अचूक होती.

चित्रातल्या माणसाला चष्मा नव्हता. ताईंना आहे, आणि तोही प्रोग्रेसिव्ह.

चाळिशी लागली की डोळ्यातलं भिंग लवचिकपणा गमावतं आणि जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात काचेच्या वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून वाचायचं, आणि मधल्या अरुंद पट्टीतून हाताच्या अंतरावरचं दिसतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना धूसर. ही काच १९५९ साली फ्रान्समध्ये व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आली. तेव्हा कारकुनासमोर जे काही वाचायचं असे ते टेबलावर आडवं पडलेलं असे, म्हणून वाचनाचा भाग खाली ठेवणं रास्तच होतं. स्क्रीन उभी असते. स्क्रीन स्पष्ट दिसावी तर काचेच्या मधल्या-खालच्या भागातून बघायला हवं, आणि समोर उभी असलेली वस्तू त्या भागातून बघायची तर हनुवटी वर न्यावीच लागते.

बाजूने फोटो काढून ताईंना दाखवला. हनुवटी पुढे आणि वर, डोकं मागे कललेलं, कपाळ छताकडे. पाटी वाचायला मान वर करावी तशी, फक्त आठ तास. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते असं मागे झुकवून धरलं की कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू आखडून राहतात, आणि तिथून उठणारं दुखणं डोक्यावरून कपाळाकडे येतं. ताईंनी बोटाने दाखवलेली वाट तंतोतंत तीच होती.

फोटो पाहून त्या म्हणाल्या, "अगंबाई, मी अशी बसते?" आणि लगेच ताठ बसल्या. ताठ बसल्यावर स्क्रीनवरचे आकडे धूसर झाले. मिनिटभरात हनुवटी परत वर गेली. अशा वेळी 'नीट बसा' हा सल्ला किती पोकळ असतो ते इथे दिसलं. डोळे मानेला हुकूम सोडतात. समोर १ आहे की ७, हे ठरवायचं असताना मान आरामाचा विचार करत नाही.

चष्मा दोन वर्षं जुना होता, ठणका दिवाळीपासूनचा. म्हणजे चष्म्याने एकट्याने हे केलं नव्हतं. आधी स्क्रीन थोडी खाली होती आणि तेवढ्यावर भागत होतं. रिमांनी ती वर गेली आणि जे कसंबसं निभत होतं ते निभेनासं झालं.

सोपा उपाय उघड होता, रिमं काढा. आर्टिकलशिपचा मुलगा ती काढायला उठलाही. मी थांबवलं. रिमं काढली असती तर डोकेदुखी कमी झाली असती आणि सगळ्यांनी प्रकरण मिटलं म्हणून चहा घेतला असता. खांदा तसाच राहिला असता. शिवाय नंतर खांद्यासाठी खुर्ची हलवली की डोळ्यांची उंची बदलणार, म्हणजे स्क्रीन पुन्हा जुळवायची. जागा जुळवताना सुरुवात त्या वस्तूपासून करावी जी हलवता येत नाही. इथे ती वस्तू टेबल होती. टेबलाला कोपर जुळवायचं, कोपरासाठी खुर्ची हलवायची, खुर्ची हलली की पायांचं बघायचं, आणि मग डोळे जिथे येतील तिथे स्क्रीन. स्क्रीन सर्वांत शेवटी. बहुतेक कार्यालयांत मी याच्या बरोबर उलटं पाहते, कारण मॉनिटर हलवायला सुतार लागत नाही.

टेबलाचे पाय कापता येतात का, हे मी विचारलं. वेगळं लाकडी टेबल असतं तर तोच सर्वांत स्वस्त आणि कायमचा उपाय होता. करवत आणि पाव तास. इथे सलग टेबल भिंतीत बसवलेलं. एकट्या ताईंचा भाग खाली घ्यायला मालक तयार नव्हते. "क्लायंट येतात, मधेच पायरी बरी दिसत नाही." ठीक. माझ्या मते दिसलीही असती बरी, पण जागा त्यांची.

मग खुर्ची वर. ताईंची खुर्ची ५० च्या पुढे जाईना. मीटिंगच्या खोलीत आठवड्यातून एकदा वापरली जाणारी खुर्ची ५३ पर्यंत जात होती, ती ताईंना मिळाली. ५३ अधिक २१, कोपर ७४. टेबलाच्या एक सेंटिमीटर खाली, चालतंय. कीबोर्डची मागची पायरी मिटवली. खुर्चीचे हात मात्र टेबलाच्या कडेला आपटू लागले आणि त्यामुळे ताई टेबलापासून वीतभर लांब राहून पुढे वाकू लागल्या. जुन्या खुर्चीचंही हेच होत असे, फक्त कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चार स्क्रू काढले, हात काढून टाकले. खुर्चीला हात असणं ही चैन समजली जाते. टेबलाखाली जाणार नसतील तर ते अडथळाच असतात.

पाय आता जमिनीपासून साडेतेरा सेंटिमीटर वर. पायाखाली काहीतरी हवं, आणि इथेच अनेक प्रयत्न फसतात. लोक फरशीचा तुकडा नाहीतर प्रिंटरचं खोकं ठेवतात. त्यावर पाय एकाच जागी अडकतो, तासाभरात कंटाळा येतो, आणि खोकं कोपऱ्यात जातं. सुताराकडून प्लायची चौकी करून घेतली, दीड फूट रुंद, पुढच्या बाजूला थोडी उतरती, वर रबरी मॅट. रुंदी महत्त्वाची, पाय इकडेतिकडे हलले पाहिजेत. आणि मांडी घालावीशी वाटली तर घाला, असं मी ताईंना मालकांसमोरच सांगितलं. बसण्याची एकच शुद्ध रीत असते, हा शाळेतल्या बाकावरचा समज आहे.

पाठीबद्दलही तेच. स्वित्झर्लंडमधले संशोधक एटिएन ग्रँडजीन यांनी १९८० च्या दशकात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना मांडणी स्वतःच्या मनाने लावू दिली, तेव्हा लोक काटकोनात ताठ बसले नाहीत, थोडे मागे रेलले, साधारण १०० ते ११० अंशांत. पाठ टेकली की तिचं काही वजन खुर्ची घेते. ताईंच्या खुर्चीची पाठ तेवढी मागे सोडली. पाठ टेकवून काम करणं त्यांना आळशीपणाचं वाटत होतं, त्याला वेळ लागला.

आता डोळे कुठे आले? ५३ अधिक ६७, म्हणजे १२०. आणि मग रिमं काढली. स्क्रीनची वरची कड ११५ वर, डोळ्यांच्या पाच सेंटिमीटर खाली. मध्य साडेअठरा सेंटिमीटर खाली. टेबलाशी नीट भिडून बसल्यावर डोळ्यांपासून स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर आली. हिशेब केला तर मध्याकडे बघणारी नजर आडव्या रेषेच्या सुमारे सोळा अंश खाली. पंधरा ते वीस अंश खाली बघणं डोळ्यांना आणि मानेला सुखाचं असतं, ही साधारण मान्य गोष्ट आहे. मॉनिटरची वरची बाजू किंचित मागे कलवली, म्हणजे स्क्रीन चेहऱ्याकडे बघू लागली. पुन्हा बाजूने फोटो काढला. हनुवटी खाली आली होती, कोणी सांगितल्याशिवाय.

खांद्यासाठी खुर्ची वर घेतली, आणि तीच गोष्ट मानेच्या उपयोगी पडली. आधीची उलट साखळीही आता नीट दिसते. टेबल उंच, पण पाय टेकावेत म्हणून खुर्ची खाली. खुर्ची खाली, म्हणून डोळे खाली. आणि त्या खाली गेलेल्या डोळ्यांसमोर उंच माणसाची स्क्रीन.

उंच माणसाचं गणितही मी मांडून पाहिलं, कारण त्याची रिमं कोणी काढू नयेत अशी माझी इच्छा होती. तो मुलगा ४९ च्या खुर्चीत आरामात बसतो, पाय टेकलेले. डोळे बैठकीपासून ७९ वर, म्हणजे जमिनीपासून १२८. रिमांशिवाय स्क्रीनची कड त्याच्या डोळ्यांच्या तेरा सेंटिमीटर खाली, तो दिवसभर मान घालून बसायचा. दोन रिमांनी कड तीन सेंटिमीटर खाली आली. चष्मा नाही. त्याच्यासाठी व्हॉट्सअॅपवरचं चित्र खरं होतं.

मॉनिटर झाला, पण ताईंच्या कामात मॉनिटर अर्धाच आहे. उरलेला अर्धा कागद. व्हाउचरं, बिलं, बँकेचे उतारे, सगळं कीबोर्डच्या डावीकडे टेबलावर सपाट. दर नोंदीला मान खाली आणि डावीकडे, मग वर आणि उजवीकडे. हिशेबाच्या कामात हे वळण इतकं सतत येतं की फक्त स्क्रीन जुळवून अर्धं काम सोडून देणं मला पटत नाही. कागद कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मधे, उतरत्या फळीवर हवा. बाजारात यासाठी प्लास्टिकचे स्टँड मिळतात, पण ते एक पान धरतात. ताईंकडे गठ्ठे असतात.

याला उत्तर खालच्याच गल्लीत होतं. जुन्या पेढीवर मुनीमजी गादीवर बसत आणि समोर उतरतं लाकडी डेस्क असे, खतावणी त्यावर. कागद डोळ्यांकडे कललेला, मान थोडीशीच खाली, खाली कड असल्याने वही घसरत नाही. कोणा व्यापाऱ्याच्या माळ्यावर असं एक डेस्क पडलेलं होतं. ते फार मोठं होतं, म्हणून सुतारानं त्याच्यासारखीच, फूटभर रुंद आणि कमी उंचीची फळी केली, मॉनिटरच्या खालच्या कडेला आड येणार नाही अशी. गठ्ठा त्यावर, पट्टी आडवी. टेबल दोनच फूट खोल असल्याने जागेची ओढाताण झाली. मॉनिटर भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवावा लागला.

माउस कीबोर्डच्या पलीकडे, कॅल्क्युलेटर आणि शिक्क्यांच्याही पलीकडे होता. जीएसटी पोर्टलवर टॅलीसारखं चालत नाही, तिथे माउस लागतो, म्हणजे २० तारखेच्या सुमारास उजवा हात दिवसभर बाजूला लांब पसरलेला. कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवला, नंबर पॅड उजव्या खांद्याच्या समोर आणला, माउस त्याला लागून. शिक्क्यांना ड्रॉवर. माउस डाव्या हातात घ्यायचंही सुचवलं होतं. ताईंनी एक दुपार करून पाहिलं आणि स्पष्ट नाही म्हणाल्या.

उजेडाचं थोडक्यात. ताईंच्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी, चारनंतर ऊन थेट स्क्रीनवर. मॉनिटर बंद करून काळ्या काचेत काय दिसतं ते पाहिलं, खिडकी चौकटीसकट दिसली. खिडकी बाजूला असावी अशी जागा नव्हती, म्हणून बांबूच्या काड्यांचा पडदा लावला. दुपारच्या ठणक्यात उन्हाचाही वाटा असणार, डोळे बारीक करून पुढे झुकण्याचा. किती, हे वेगळं काढता येत नाही.

परिणाम. मागून येणारी डोकेदुखी पहिल्या दोन आठवड्यांतच विरळ झाली आणि पुढच्या महिन्याची २० तारीख गोळीशिवाय गेली. खांद्याने जास्त वेळ घेतला. वर्षानुवर्षं उचलून धरलेला खांदा खाली सोडायचा असतो हे त्याला नव्याने शिकवावं लागतं, त्यासाठी काही साधे व्यायाम दिले. सप्टेंबरच्या ऑडिटच्या गर्दीत तो पुन्हा बोलला, पण पूर्वीसारखा नाही.

डोळ्यांची जळजळ राहिली. संध्याकाळी लाल डोळे, पाणी. याचं कारण वेगळं होतं. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या खूप कमी वेळा मिटतात, आणि एसीची झोत सरळ चेहऱ्यावर होती. झोत वळवली. मध्यंतरी चष्म्याच्या दुकानात कोणीतरी त्यांना 'ब्लू कट', म्हणजे निळा प्रकाश अडवणारी, काच घ्यायला लावली होती, चांगले पैसे मोजून. या काचांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहणारा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०२३ साली आला. साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा ताण त्यांनी कमी होतो, असं त्यात निदान थोड्या काळापुरतं तरी दिसलं नाही. ताईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रंग छान आहे पण."

खरा प्रश्न प्रोग्रेसिव्हच्या अरुंद पट्टीचा होता. स्क्रीन खाली आल्यावर मान सुटली, पण टॅलीच्या रुंद तक्त्यात डाव्या रकान्यापासून उजव्या रकान्यापर्यंत जाताना ताई नजरेऐवजी डोकं फिरवत होत्या, कारण पट्टीच्या बाहेर आकडा धूसर. मी त्यांना नेत्रतपासनिसांकडे पाठवलं, सोबत एका कागदावर अंतरं लिहून दिली, स्क्रीन ६५ सेंटिमीटर, कागद ५०. हे कोणीही करावं. तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची स्क्रीन किती लांब आहे हे तपासणाऱ्याला दिसत नाही आणि तो वाचनासाठी ४० सेंटिमीटर धरून चालतो. ४० सेंटिमीटरवर अडीच डायॉप्टरची (भिंगाच्या ताकदीचं माप) गरज असते, ६५ वर दीडच्या आसपास. एवढा फरक डोळ्याला नक्की जाणवतो. ताईंना फक्त कार्यालयासाठी वेगळा चष्मा मिळाला, स्क्रीन आणि कागद दोन्ही रुंद दिसणारा, लांबचं मात्र अंधूक.

तो चष्मा त्या वापरतात, पण कुरकुरत. उठून झेरॉक्सकडे जाताना दारातला माणूस ओळखू येत नाही, मग चष्मे बदला. एक चष्मा नेहमी दुसऱ्या टेबलावर. २० तारखेच्या आठवड्यात हा चष्मा लागतोच, इतर दिवशी जुन्यावर भागवतात, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मी वाद घातला नाही.

त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर कार्यालयात बरीच चर्चा झाली. युरोपात २९ मे १९९० च्या निर्देशाने आणि ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी स्क्रीनवर काम करणाऱ्याची नेत्रतपासणी, आणि त्या कामासाठी खास चष्मा लागला तर तो, मालकाच्या खर्चात टाकला आहे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने मुळात दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सक्तीची केली होती. चष्म्याचं मालक-कर्मचाऱ्यांनी आपसात बघायचं. इथल्या मालकांनी निम्मे दिले. पट्टा, गोळ्या आणि ताईंच्या रजा यांपेक्षा ते स्वस्तच पडलं असावं. असा हिशेब त्यांनी केला की नाही, मी विचारलं नाही, पण ते हिशेबनीसच आहेत.

ती पाच तासांची मर्यादा कायद्यातली झाली. माझ्या मते चाळीस-पन्नास मिनिटांनी उठलं पाहिजे, दोन मिनिटं का होईना. मांडणी कितीही जुळली तरी न हलणारं शरीर कुरकुरणारच. ताईंच्या बाबतीत गजर लावून काही झालं नाही, तो त्या बंद करत. उपयोगी पडलं ते हे की प्रिंटर त्यांच्या हाताजवळून उचलून दारापाशी ठेवला. प्रिंट काढली की उठावंच लागतं. दोन दिवस त्यांनी आर्टिकलशिपच्या मुलाला हाक मारली, "बाळा, तेवढं आण रे." तिसऱ्या दिवशी तो परीक्षेच्या रजेवर गेला.

मालक मधेच उभं राहून काम करायच्या टेबलांबद्दल विचारू लागले, मोटरने वर-खाली होणारी. वाईट नाहीत. पण ती टेबलं घ्यायची तर खालीही पुरेशी येणारी घ्यावीत. अनेक स्वस्त टेबलं ७० सेंटिमीटरच्या खाली येत नाहीत, मग ताईंसारखीला बसून काम करताना तीच चौकी पुन्हा लागते.

सध्या ते कार्यालयाची दुसरी शाखा करत आहेत आणि फर्निचरची मापं त्यांनी आधीच विचारली. मी टेबलाची उंची ७० सेंटिमीटर लिहून दिली. त्या उंचीला १८० सेंटिमीटरच्या मुलाचं कोपर ४६ च्या खुर्चीत बरोबर बसतं आणि त्याच्या मांड्याही खाली मावतात, फक्त टेबलाखाली ड्रॉवर नको. ताईंना चौकी तेव्हाही लागेल, पण साडेनऊ सेंटिमीटरची. खोली अडीच फूट, म्हणजे मॉनिटर, कागदाची फळी आणि कीबोर्ड भांडणार नाहीत. प्रत्येकाचं टेबल सुटं. खिडकी बाजूला. मॉनिटरला वर-खाली होणारा स्टँड, किंवा निदान मागे चार स्क्रूंची सोय असलेला मॉनिटर, म्हणजे नंतर मॉनिटर धरणारी हलती दांडी लावता येते.

सुतार म्हणाला, सगळे अडीच फुटाचंच करतात, एवढं खाली केलं तर मुलांचं टेबल वाटेल. त्याला ताईंच्या खुर्चीत बसवून दाखवलं तरी पटलं नाही, तो स्वतः पावणेसहा फुटी. शेवटी अठ्ठावीस इंचांवर, म्हणजे ७१ सेंटिमीटरवर तडजोड झाली. ड्रॉवरवर मात्र मालक अडून बसले आहेत. चेकबुकं आणि शिक्के ठेवायचे कुठे, हा त्यांचा प्रश्न. चाकांचं छोटं कपाट टेबलाशेजारी, असं मी सुचवलं आहे. कोटेशन अजून आलेलं नाही.